पंक्तिप्रपंच

"अर्धं त्याला दे," अच्युतराव म्हणाले.

द्वारकाबाईंचा हात हवेतच राहिला. हातात पेला, पेल्यात पाण्यासारखं दिसणारं औषध, आणि ते औषध अमेरिकेहून विमानात बसून मुंबईला आणि तिथून गाडीनं धक्के खात इंदूरला आलेलं. शारदा नर्सनं आत्ताच त्यांच्यासमोर काचेची बुटकी कुपी फोडून ते पेल्यात ओतलं होतं, वर थोडं पाणी घातलं होतं आणि घोटघोट पाजा, उलटून पडू देऊ नका, असं बजावून ती पलीकडच्या वॉर्डात गेली होती.

"कुणाला?" त्यांनी विचारलं. कळलं नव्हतं असं नाही. पण असल्या गोष्टी कधीकधी दुसऱ्यांदा विचारल्या की माणूस विसरून जातो, अशी एक वेडी आशा असते.

"शेजारच्या पानाला," अच्युतराव म्हणाले आणि त्यांनी हनुवटीनं डावीकडची खाट दाखवली.

आता दवाखान्यातल्या खाटेला पान म्हणणारा माणूस सबंध मध्यप्रदेशात एकच असेल, आणि तो द्वारकाबाईंच्या पदरी पडला होता.

अच्युतराव पोतनीस सिंचाई दफ्तरात बाबू होते. आजोबा होळकरांच्या खजिन्यात, वडीलही तिथेच, आणि संस्थान गेल्यावर हे सिंचाईत. राजधानी भोपाळनं पळवली म्हणून अख्खं दफ्तर रुसून बसलं, तेव्हाही हे वेळेवर जाऊन खुर्ची गरम करत. पण खुर्ची ही नुसती बसायची जागा. त्यांचं खरं काम उभ्यानं चालायचं, आणि ते पंगतीत. इंदूरच्या मराठी घरांत मुंज असो, बारसं असो, कुणाचं तेरावं असो, आचारी कोण हे नंतर ठरायचं. आधी स्नेहलतागंजात त्यांच्या घरी निरोप जायचा की अच्युतराव वाढायला आहेत ना?

त्यांच्या वाढण्याच्या गोष्टी ऐकाव्यात तेवढ्या थोड्या. लिंबाची फोड ते म्हणे दहा पानं लांबून फेकत आणि ती बरोबर मिठाच्या उजव्या अंगाला जाऊन बसे. बडा गणपतीजवळ एका मुंजीला शंभर माणसांचं श्रीखंड केलेलं, आणि दोनशे माणसं येऊन बसली. आचाऱ्यानं डोक्याला हात लावला. अच्युतरावांनी पातेल्यात एकदा डोकावून पाहिलं, पंगतीवरून एकदा नजर फिरवली आणि पळी उचलली. पहिल्या पानाला जेवढं, तेवढंच दोनशेव्या पानाला. पातेलं पुसून शेवटचा चमचा निघाला तो बरोबर यजमानांच्या पानात. लोक सांगतात की त्या दिवशी श्रीखंडच शरमून वाढलं. ते काही खरं नाही, पण सारखं वाढलं होतं एवढं मात्र खरं.

कारण अच्युतरावांना जगात एकच पाप ठाऊक होतं, पंक्तिप्रपंच. ओळखीच्याच्या पानात तूप भरभरून आणि अनोळख्याच्या भाताला नुसता चमच्याचा स्पर्श, हे दिसलं की त्यांचं डोकं फिरायचं. स्वतःच्या लग्नात ते नवरदेव म्हणून पाटावर बसले होते. समोर वाढप्यानं मामासाहेबांना दोन जिलब्या आणि शेजारच्या गरीब भटजींना एक वाढली. नवरदेव उठला, शेल्याची गाठ सोडून शेला कमरेला बांधला, वाढप्याच्या हातातलं ताट घेतलं आणि शेवटच्या पानापर्यंत जिलबी वाढून मगच परत आला. तोवर नवरी हातात घास धरून बसलेली. द्वारकाबाईंच्या संसाराची सुरुवात अशी झाली, आणि पुढेही ती फार बदलली नाही. घरी दोघंच जेवायला असली तरी आंब्याची कोय कुणाकडे आणि फोडी कुणाकडे, याचा न्याय व्हायचा.

अशा माणसाला रोग झाला तो नेमका खाल्लेलं पुढे सरकतं त्या वाटेवरच.

वर्षभर रक्त पडत होतं. पण असल्या जागेचं दुखणं कोण कुणाला सांगतो? मूळव्याध असेल म्हणून त्यांनी सुरण खाल्ला, ताक प्यायले, वैद्याच्या पुड्या खाल्ल्या आणि वर पंगती उठवत राहिले. धोतरावरचे डाग ते स्वतःच धुऊन टाकत. नवरा आपलं धोतर आपण धुतो याचं कौतुक द्वारकाबाई शेजारणींना सांगत होत्या. एक दिवस डाग राहिला तेव्हा त्यांना कळलं, आणि त्या कौतुकाची त्यांना इतकी लाज वाटली की नंतर त्या शेजारणींच्या दारावरून जाईनाशा झाल्या.

दवाखान्यात आतड्याचा कर्करोग निघाला. ऑपरेशन झालं. आतड्याचा नासलेला तुकडा काढला, खालची वाट शिवून बंद केली आणि पोटाच्या डाव्या अंगाला नवीन तोंड काढून दिलं. जे काही जायचं ते आता तिथून, आपल्या मनानं, विचारल्याशिवाय. वर फडक्यांची घडी आणि कमरेला पट्टा. द्वारकाबाई घड्या बदलायच्या, धुवायच्या, मागच्या गच्चीत वाळत घालायच्या. त्यांना त्याचं काही वाटलं नाही. पण अच्युतरावांनी भिंतीकडे तोंड केलं ते फिरवेचनात. ज्याच्या अंगाला असा वास, त्यानं पंगतीत पाऊल टाकायचं नाही, हा नियम त्यांना कुणी सांगायला नको होता. दुसऱ्या कुणाला असं झालं असतं तर त्यांनीच सांगितला असता.

मग शेजारच्या खाटेवर तुकोजी आला.

गौतमपुऱ्याचा तुकोजी. वाडवडील होळकरांच्या फौजेत, आणि फौज संपल्यावरही लढाईची खाज शिल्लक राहिली म्हणून दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी हिंगोट खेळणारा. म्हणजे वाळलेल्या फळात बारूद भरायची, पेटवायची आणि समोरच्या गावाच्या माणसांवर सोडायची. उजवा कान भाजून सुरकुतलेला, आणि त्याचा त्याला कोण अभिमान. त्याचंही तेच ऑपरेशन, तीच डावी बाजू, तीच फडक्यांची घडी. शुद्धीवर आल्यावर त्यानं पांघरूण वर करून बराच वेळ आपलं पोट बघितलं आणि पलीकडे पाठ करून निजलेल्या माणसाला मोठ्यानं म्हणाला, "बाबूजी, मुबारक हो. आपण दोघं राजे झालो. मागल्या दरवाज्यानं कोण जातं? नोकर-चाकर. आपल्यासाठी सरकारनं बाजूला खास फाटक काढलंय."

अच्युतरावांची पाठ हलायला लागली. द्वारकाबाई घाबरून उठल्या. त्यांना वाटलं रडतायत. तोंड वळवलं तर हसत होते, टाके धरून.

त्या दिवसापासून वॉर्डात थापांची पंगत बसली. तुकोजी सांगायचा की त्याचं एक हिंगोट समोरच्याच्या ढालीवर आपटून उडालं ते थेट देपालपूरला हलवायाच्या भट्टीत जाऊन पडलं. सकाळपासून भट्टी पेटत नव्हती बिचाऱ्याची, ती पेटली. मग अच्युतराव सांगायचे की एकदा त्यांनी कढी वाढली ती इतकी सारखी की दोन्ही टोकांच्या माणसांनी एकदम भुरका मारला आणि मांडव हलला. शारदा नर्स ओरडायची, टाके उसवतील तुमचे, मग मला बोलायचं नाही. तुकोजीची बायको सखुबाई जमिनीवर बसून तोंडाला पदर लावून हसायची. दुपारी तिच्या मक्याच्या भाकरीचा तुकडा द्वारकाबाईंकडे आणि द्वारकाबाईंच्या मेतकुटाची पुडी तिच्याकडे, असं सुरू झालं.

आणि मग एक दिवस डॉक्टर रघुवीर द्वारकाबाईंना व्हरांड्यात घेऊन गेले.

डॉक्टर रघुवीर तरुण होते, विलायतेला शिकून आलेले, बोलताना समोरच्याच्या चपलांकडे बघणारे. त्यांनी सांगितलं की दोघांच्याही रोगानं लिव्हरमध्ये बी टाकलंय. तिथे चाकू चालत नाही. पण अमेरिकेत एका नव्या औषधावर रिसर्च चाललाय, रोगाच्या पेशींना वाढूच देत नाही असं औषध. तिकडे ते शिरेतून देतात. काही जण पाजूनही बघतायत, कारण पोटातून ते सरळ लिव्हरकडे जातं. त्यांच्या गुरूंनी तिकडून थोडा साठा पाठवलाय. ट्रायल आहे.

"ट्रायल म्हणजे?" द्वारकाबाईंनी विचारलं.

"म्हणजे, काकू, एक पेशंट सोडून एक. एकाला द्यायचं, दुसऱ्याला द्यायचं नाही. बाकी सगळं दोघांचं सारखं ठेवायचं. मग काय फरक पडतो ते बघायचं. नाहीतर औषधानं बरं वाटलं की आपोआप, ते कळणार कसं?"

"मग ह्यांना?"

"ह्यांना मिळेल. तुकोजींना नाही."

द्वारकाबाईंना आधी आनंदच झाला. आणि मग व्हरांड्याच्या जाळीतून आत सखुबाई दिसली. ती नवऱ्यासाठी संत्रं सोलत होती, एकेका फोडीची शीर काढत होती. द्वारकाबाईंनी नजर काढून घेतली.

तेच सगळं डॉक्टरांनी अच्युतरावांनाही सांगितलं. ते शांतपणे ऐकत होते. डॉक्टर गेल्यावर एवढंच म्हणाले, "पोरगा गुणी आहे, पण वाढणं शिकलेला नाही."

तर अशी ती सकाळ. पेला हातात आणि अर्धं त्याला दे.

"अहो, डॉक्टरांनी काय सांगितलंय?" द्वारकाबाई कुजबुजल्या. "पूर्ण घेतलं तरच गुण."

"कमी असलं म्हणजे काय करायचं ते मला माहीत आहे. माझं आयुष्य त्यातच गेलंय."

"हे श्रीखंड आहे का?"

"अगं, तो माझ्या शेजारी बसलाय. त्याच्यासमोर मी एकटा गिळू? एक काम कर मग. मलाही नको. ओतून टाक."

आणि हे नुसतं म्हणणं नव्हतं. त्यांनी ओठ मिटून घेतले. त्या मिटलेल्या ओठांना द्वारकाबाई ओळखत होत्या. भांडून, रडून, देवाच्या शपथा घालून ते उघडत नसत.

त्यांनी दुसरा पेला घेतला. अच्युतरावांच्या डोळ्यांसमोर धरून दोन्हींत सारखं केलं. चार पावलं चालून तुकोजीकडे गेल्या. तुकोजी नको नको म्हणाला, हात जोडले, शेवटी अच्युतरावांनी दम भरला तेव्हा प्यायला आणि तोंड असं केलं की सखुबाई घाबरली. "कारलं झक मारतं, बाबूजी," तो म्हणाला. "अमेरिकेत शक्कर नई मिळत का?"

दुसऱ्या दिवशीही तसंच झालं.

तिसऱ्या दिवशी पेला घेऊन द्वारकाबाई खाटेपासून उठल्या आणि मडक्यापाशी गेल्या. मडकं खिडकीत होतं. ह्यांना पाठ दिसत होती, हात दिसत नव्हते. पाणी जास्त घालून आणते, कडू कमी लागेल, असं त्या म्हणाल्या. अच्युतरावांनी मान हलवली. ते तुकोजीला सांगत होते, "हिचा हात माझ्याच हाताखाली तयार झालाय. एक थेंब इकडेतिकडे व्हायचा नाही."

द्वारकाबाईंनी मडक्यातलं पाणी तुकोजीच्या पेल्यात घेतलं. औषधाच्या पेल्याला हात लावला नाही.

मागे वळताना त्यांना वाटलं, आता वीज पडेल. कपाळावर लिहिलेलं दिसेल. काही झालं नाही. अच्युतराव प्यायले आणि शहारले. तुकोजीनं पेला तोंडाला लावला, क्षणभर थांबला, सगळा रिकामा केला आणि म्हणाला, "आज तर कालच्याहूनही कडू."

मग ते रोजचंच झालं. सकाळी मडक्यापाशी जायचं, पाठ करायची, एका पेल्यात जीव आणि एका पेल्यात पाणी घेऊन यायचं. अच्युतराव विचारायचे, सारखं केलंस? त्या हो म्हणायच्या. सखुबाई एकदा भर वॉर्डात त्यांच्या पायांवर डोकं ठेवून म्हणाली की तुमच्या मालकांनी माझं कुंकू अर्धं उचलून धरलंय. द्वारकाबाई पाय मागे घेत घेत भिंतीला जाऊन टेकल्या. घरी जाऊन त्यांनी देवापुढे दिवा लावला, पण देवाकडे बघितलं नाही. त्या मनात हिशेब मांडायच्या की तुकोजीला तसंही मिळणार नव्हतंच. मी काही काढून घेतलं नाही. जे ज्याच्या वाटणीचं तेच त्याला गेलं. हिशेब दर वेळी बरोबर यायचा आणि दर वेळी त्या तो पुन्हा पहिल्यापासून मांडायच्या.

आणि काय नवल, तुकोजी सुधारायला लागला.

सकाळी उठल्या उठल्या तो जाहीर करायचा की आज भूक अशी लागलीय की खाटेचा पाय खाईन. परवा म्हणाला, पायात ताकद आलीय, स्वप्नात महूपर्यंत धावून आलो, शारदाबाईंना विचारा, सकाळी तळवे धुळीनं माखलेले होते. काल म्हणाला, लिव्हरमधला रोग मी कानानं ऐकला, बिस्तरा बांधत होता. अच्युतराव ऐकायचे आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे यायचं, ते द्वारकाबाईंनी कुठल्याही मुंजीत बघितलं नव्हतं. "बघ," ते म्हणायचे, "अर्ध्यात भागतं. मी सांगत नव्हतो?"

ते स्वतः मात्र खाली चालले होते. आधी ओठ सोलले. मग जीभ, गाल, टाळा, सगळं तोंड आतून लाल, जागोजागी फोड. पेजेचा चमचा आत गेला की डोळ्यांतून पाणी यायचं. पोटावरच्या तोंडातून दिवसभर पाणी वाहायचं, घड्या पुरायच्या नाहीत. द्वारकाबाई त्यांच्या तोंडाला तूप लावायच्या, बोटाच्या टोकानं, फुंकर घालत. ज्यानं इंदूरच्या दोन पिढ्या जेवू घातल्या त्याला एक घोट ताक जाईना.

डॉक्टरांनी त्यांना पुन्हा व्हरांड्यात बोलावलं. पुन्हा चपलांकडे बघितलं.

"काकू, औषध रोज पूर्ण पोटात गेलं ना? सांडलं, उलटलं, असं काही?"

"पूर्ण गेलं," द्वारकाबाई म्हणाल्या. पहिले दोन दिवस त्यांनी गिळून टाकले.

"म्हणूनच तोंड असं आलंय. औषध रोगाच्या पेशी मारतं, पण चांगल्याही मारतं. काहींना डोस झेपत नाही. मी आजपासून थांबवतोय."

"अर्धं दिलं असतं तर?"

प्रश्न तोंडातून निघून गेला होता. डॉक्टरांनी पहिल्यांदाच मान वर केली.

"त्रास कमी झाला असता. एवढं नक्की सांगतो. पण अर्ध्यानं रोगावर काही झालं असतं का, ते नाही सांगता येत. पूर्ण देऊन झालं का, तेही... गाठ तर वाढलीच आहे." ते थांबले. "दहा-वीस वर्षांनी कुणीतरी बरोबर सांगेल, किती द्यायचं, कुणाला द्यायचं. आज आम्हाला माहीत नाही, काकू. खरंच माहीत नाही."

द्वारकाबाईंनी जाळी धरली. नवऱ्याच्या पानात जन्मात एकदाच जास्त वाढलं होतं, आणि ते असं. ओरडायला हवं होतं कुणावर तरी, पण समोर हा पोरगा उभा होता, डोळ्यांखाली काळं झालेला. त्याच्यावर काय ओरडणार? त्याच्याही हातात काही नव्हतं.

"आणि तुकोजी?" त्यांनी विचारलं. "त्यांना तर बरं वाटतंय."

"तो तसं म्हणतो," डॉक्टर म्हणाले. "तपासलं की तसं दिसत नाही. त्यालाही एक-दोन दिवसांत घरी पाठवतोय. इथे ठेवून करण्यासारखं काही नाही."

त्या आत आल्या तेव्हा अच्युतराव जागे होते. त्यांनी खुणेनं जवळ बोलावलं. बोलणं आता अवघड झालं होतं, शब्द फोडांवरून घासत यायचे.

"उद्यापासून," ते म्हणाले, "सगळं त्यालाच दे. माझंही. त्याला लागू पडतंय. माझं पान... उठलं."

औषध बंद झालंय हे सांगायला द्वारकाबाईंनी तोंड उघडलं. मग मिटलं. "बरं," त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या मडक्यापाशी गेल्या. आता पाठ करायचीही गरज नव्हती, पण केली. एकाच पेल्यात काठोकाठ पाणी घेतलं. शारदा नर्स दारातून बघत होती. ती येऊन एक रिकामी कुपी अच्युतरावांना दिसेल अशी स्टुलावर ठेवून गेली.

सखुबाई खाली चहा आणायला गेली होती. अच्युतरावांचा डोळा लागला होता. द्वारकाबाईंनी पेला पुढे केला तसा तुकोजी कोपरावर उठला आणि हळूच म्हणाला, "वैनी, आज तरी बसा. उभ्यानं किती दिवस पाणी पाजणार?"

पेल्यातलं पाणी हिंदकळून त्याच्या चादरीवर सांडलं.

"पहिले दोन दिवस कडू होतं," तुकोजी म्हणाला. "तिसऱ्या दिवशी गोड झालं. मी काय बच्चा आहे?"

द्वारकाबाई खाटेच्या कडेवर बसल्या. "मग बोलला का नाहीत?"

"बोललो असतो तर बाबूजींनी पेला तोंडाला लावला असता? तुम्ही ओळखता त्यांना."

"आणि ती भूक? ती ताकद?"

"वो तो हिंगोटवाल्याची जबान आहे, वैनी. बारूद कमी पडली तर आवाज जास्त काढायचा." तो हसायला गेला आणि मध्येच पोट धरून थांबला. चेहरा राखेसारखा झाला होता. तो इतका वाळला होता हे द्वारकाबाईंना त्या दिवशी दिसलं. इतके दिवस त्यांनी त्याच्याकडे बघितलंच नव्हतं. पेल्याकडे बघितलं होतं.

"मी तुमचा वाटा..." त्या म्हणाल्या.

"माझा वाटा होता कुठे?" तुकोजी म्हणाला. "डॉक्टरनी मला पानच मांडलं नव्हतं. बाबूजींनी मांडलं. मी जेवलो, वैनी. बस." आणि उरलेलं पाणी त्यानं घोटघोट पिऊन टाकलं, औषधासारखंच, तोंड वाकडं करत, कारण पलीकडे अच्युतरावांनी डोळे उघडले होते.

दोन दिवसांनी तुकोजीला सोडलं. गौतमपुऱ्याचा एक टेम्पो दवाखान्याच्या फाटकाशी येऊन थांबला होता. शारदा नर्स चाकाची खुर्ची घेऊन आली, तशी तुकोजीनं तिला डोळ्यांनी दटावलं. त्यानं सदरा घातला, वर पागोटं बांधलं. सखुबाईनं धरायला हात केला तो त्यानं बाजूला सारला. मग अच्युतरावांच्या खाटेजवळ येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "बाबूजी, दिवाळीला या. पहिलं हिंगोट तुमच्या नावानं सोडतो. इंदूरला पडलं तर समजून घ्या."

अच्युतरावांनी हात जोडले.

वॉर्ड मोठा लांब होता. तुकोजी त्या टोकापर्यंत चालत गेला. ताठ, छाती काढून, लग्नाच्या वरातीत चालावं तसा. एका खाटेपाशी थांबून कुणाशी तरी विनोदही केला. दारात वळून त्यानं हात वर केला. अच्युतराव उशीवरून मान उचलून तो दिसेनासा होईपर्यंत बघत होते.

द्वारकाबाई त्याच्या मागोमाग गेल्या होत्या. दाराबाहेर वळल्याबरोबर, जिथून आतलं काही दिसत नाही तिथे, तुकोजी भिंतीला धरून खाली घसरला. पागोटं सुटून जिन्याच्या पायऱ्यांवरून उलगडत गेलं. सखुबाई आवाज न करता त्याच्यापाशी बसली. शारदानं खुर्ची पुढे आणली. तिघींनी मिळून त्याला उचलून बसवलं. तो अगदी हलका होता. त्यानं डोळे मिटले होते, आणि द्वारकाबाईंचा हात मात्र धरून ठेवला होता, सोडायचं लक्षात नसल्यासारखा. त्यांनीच तो हळूहळू सोडवला, एकेक बोट करून.

त्या आत आल्या. अच्युतराव वाट बघत होते.

"गेला?" त्यांनी विचारलं. "नीट?"

द्वारकाबाई स्टुलावर बसल्या. जन्मात त्यांनी कधी थाप मारली नव्हती. घरात त्या कामाला एक माणूस होता.

"नीट म्हणजे काय," त्या म्हणाल्या. "टेम्पोत बसायला तयारच नव्हते. म्हणाले, मी पळत पुढे जातो, तुम्ही मागून या. सखुबाई बिचारी ओरडतेय, थांबा, थांबा..."

अच्युतरावांच्या सोललेल्या ओठांवर काहीतरी हललं. त्यांनी डोळे मिटले आणि मान त्यांच्याकडे वळवली.

"आणि मग?" ते म्हणाले.